डाव्या कानातली शिट्टी

तेजस्विनी बोराडे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, तेव्हा टेम्पोतून पलंग-कपाटाच्या आधी तिचा ढोल उतरला. आमची इमारत नाशिकरोडला, जेल रोडच्या आतल्या बाजूला. तीन मजले, लिफ्ट नाही. हमालाला तिनं ढोलाला हात लावू दिला नाही. कमरेला पट्टा बांधून स्वतःच वर घेऊन आली आणि धापा टाकत मला म्हणाली, "काकू, आवाजाचा त्रास होईल तुम्हाला. आधीच सांगून ठेवते."

मी टपालखात्यातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. मला उलट सोबत झाली. या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील.

तिचा नवरा योगेश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टमध्ये काम करतो. मुलगी सायली, आता बारा वर्षांची. तेजू स्वतः एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक. पण हे सगळं सांगून झालं तरी तेजूबद्दल काहीच सांगितलं नाही असं होतं. तेजू म्हणजे तिचं पथक. गणपतीत हौसेनं ढोल घेतलेल्या अकरा बायकांपासून तिनं सुरुवात केली आणि सहा वर्षांत एकशेचाळीस बायका जमवल्या. भाजीवाल्या, नर्स, बँकेतल्या, कारखान्यातल्या. मिरवणुकीत तेजू पुढं आणि मागं या सगळ्या जणी चालल्या की रस्त्यावरची माणसं आपोआप बाजूला व्हायची.

मला मात्र एक गोष्ट तेव्हाही खटकायची. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी विचारायची, "काय गं, कसं झालं कालचं वादन?" तर ती म्हणायची, "दुसरा नंबर आला. पुढच्या वर्षी दोनशे जणी करायच्यात." वादन कसं झालं ते तिनं कधी सांगितलंच नाही. शोकेसमध्ये करंडक मावेनात, तेव्हा तिनं शोकेस मोठं करून घेतलं. एक करंडक आला की तो पुसून ठेवायची आणि त्याच संध्याकाळी फोनवर पुढच्या स्पर्धेची चौकशी करायची.

मग गेल्या वर्षीची शिवजयंती आली. मिरवणुकीत तिचं पथक आणि शेजारच्या मंडळाचा स्पीकर लावलेला ट्रक पाच तास शेजारी शेजारी अडकून पडले. ट्रक हटेना आणि तेजू थांबेना. त्या आवाजाच्या वर आपला आवाज नेण्यासाठी तिनं सगळ्यांना दुप्पट जोरानं वाजवायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढले. सिंहस्थाच्या स्वागताला गोदाकाठी पाचशे एक बायकांचं ढोलवादन करायचं घाटत होतं. त्याचं नेतृत्व तेजूकडं द्यायचं, हे त्याच दिवशी ठरलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. दारात तेजू, केस मोकळे, पायात चप्पल नाही.

"काकू, तुमच्याकडं कुकर लावलाय का?"

"नाही गं. आत्ताशी चहा टाकतेय."

"मग ही शिट्टी कुठून येतेय?"

मी कान देऊन ऐकलं. खाली कुणीतरी स्कूटर पुसत होतं, तेवढंच. तेजूनं मला बाजूला सारून आत येऊन माझ्या फ्रीजला कान लावला. मग इन्व्हर्टरला. मग पळत आपल्या घरात गेली. मी मागून गेले, तर तिनं घराचा मेन स्विच पाडला होता. पंखे थांबले, फ्रीज थांबला. सायली शाळेचा एकच मोजा घालून उभी होती.

"सायली, नीट ऐक. एकदम बारीक आहे. दूध उतू जायच्या आधी भांडं जसं करतं तसं. ऐकू येतंय ना तुला?"

"नाही, आई."

"अगं नीट ऐक!"

पोरीनं घाबरून मान हलवली. नाही. तेजूनं डावा कान तळहातानं दाबला आणि त्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. कान बंद केला की बाहेरचा आवाज कमी व्हायला हवा. हा वाढला होता. बाहेरून येतच नव्हता तो. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. आपल्या डोक्यात शिरलेली एखादी वस्तू चाचपावी तशी कानाभोवती बोटं फिरवत राहिली.

योगेश टर्बाइनच्या आवाजात पंधरा वर्षं काढलेला माणूस. त्यानं ऐकताक्षणी सांगितलं, "डॉक्टरकडं चल. आजच." पण तेजूनं टाळलं. सर्दी असेल, मळ असेल, जाईल आपोआप. खरं कारण तिनं मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं. डॉक्टर 'ढोल बंद' म्हणतील, हीच तिला भीती होती. ढोल बंद झाला तर मग आपण कोण, याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

आणि तिला एक पळवाट सापडली होती. ढोल वाजताना शिट्टी ऐकू यायची नाही. मग ती जास्त वाजवू लागली. आठवड्यात दोनदा सराव असायचा, तो तिनं पाचदा केला. सराव संपला की शिट्टी आधीपेक्षा मोठी होऊन परतायची. घरी टीव्ही, पंखा, मोबाईलवर गाणी, सगळं एकदम चालू. शांतता तिला सहन होईना. सायली अभ्यासाला दार लावून बसली तरी ही दार उघडून म्हणायची, "मोठ्यानं वाच."

मार्चमध्ये अकरावीची प्रॅक्टिकल होती. चाळीस मुलं खाली मान घालून ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होती. लॅबमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. तेजू मागच्या टेबलापाशी उभी होती आणि तिच्या कानातली शिट्टी चढायला लागली. चढता चढता तिचा सूर बदलला. शिट्टी राहिली नाही, फुसफुस झाली. गॅसच्या नळीतून गॅस सुटल्यावर होते तशी.

लॅबमध्ये चाळीस बर्नर होते.

"गॅस सुटलाय!" ती ओरडली. "सगळे बाहेर! बर्नर बंद करा, बाहेर पळा!"

मुलं एकमेकांवर आदळत पळाली. काचा फुटल्या, एका मुलीच्या हाताला कापलं. तेजूनं मेन व्हॉल्व्ह फिरवला, खिडक्या सताड उघडल्या आणि तोंडाला पदर लावून व्हरांड्यात आली. पण ती फुसफुस तिच्याबरोबर व्हरांड्यातही आली होती. तिथं उघड्यावर उभी राहून ती ऐकत राहिली आणि मग तिला कळलं. आत प्राध्यापक एकेका नळीला साबणाचं पाणी लावून बघत होते. एकही बुडबुडा येत नव्हता.

प्राचार्य चांगले होते. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, कान दाखवून या."

कानाच्या दवाखान्यात लाकडी कपाटासारखी एक बंद खोली असते. आत माणसाला बसवतात, कानावर हेडफोन देतात, हातात एक बटण देतात. आवाज आला की बटण दाबायचं. दार लावलं की बाहेरचं काहीही ऐकू येत नाही. मी तिच्याबरोबर गेले होते, काचेतून मला ती दिसत होती.

दार बंद झालं आणि तिच्या कपाळावर घाम आला. नंतर तिनं सांगितलं, "काकू, इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत ती शिट्टी एकटीच होती. मोठी. मशीनचा आवाज कुठला नि माझा कुठला, तेच कळेना." तिनं बटण दाबलं. दाबलं, पुन्हा दाबलं. मशीनवरची मुलगी गोंधळून म्हणाली, "मी अजून आवाज सोडलाच नाही हो." आत तेजू बटण दाबतच होती. मग तिनं हेडफोन काढून फेकला आणि दार बडवायला लागली.

तिसऱ्या खेपेला तपासणी पूर्ण झाली. डॉक्टरांनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. डाव्या कानाचं बरंच गेलं होतं, उजव्याची सुरुवात होती. "गेलेलं परत येत नाही," ते म्हणाले. "शिट्टी जाईल का, सांगता येत नाही. कदाचित तिच्यासोबत राहायला शिकावं लागेल. ढोल मात्र आता बंद."

तेजूनं मान डोलावली. घरी आली, कागद कपड्यांच्या घडीखाली ठेवला, आणि जुलै लागला तशी योगेशची शिफ्ट बघून सरावाला जाऊ लागली. मला तिनं हात जोडून सांगितलं, "काकू, गोदाकाठचं एवढं एक होऊ दे. पाचशे एक बायका. मग सोडते." मी योगेशला सांगितलं नाही. ती चूक माझी.

सराव एका मोकळ्या मैदानावर चालायचा. शेजारी बांधकाम चालू होतं, पाण्याचे टँकर यायचे. त्या संध्याकाळी सायली आईला पाण्याची बाटली द्यायला डाव्या बाजूनं येत होती. पावसानं मैदान निसरडं झालेलं. ती घसरून पडली, पाय चिखलात रुतला, आणि मागून टँकर उलटा येत होता. सायली ओरडली. तेजू तिच्यापासून चार-पाच हातांवर होती. पोर चारदा "आई" म्हणून ओरडली आणि तेजू ढोलाचं टिपरू उंचावून पुढच्या रांगेला ताल दाखवत राहिली.

सायलीला ओढलं ते अन्सारभाईंनी. जुन्या नाशकातले अन्सारभाई ढोलाची चामड्याची पानं ताणून द्यायला दर आठवड्याला मैदानावर यायचे. हातातला दोर टाकून ते धावले आणि पोरीला काखेत धरून फरफटत बाजूला आणलं. तिची चप्पल चाकाखाली राहिली.

रांगा थांबल्या तेव्हा तेजूला कळलं की काहीतरी झालंय. तिनं वळून पाहिलं. पोर उघडं तोंड करून रडत होती, पण गर्दीतल्या गलक्यात तिचा आवाज तेजूपर्यंत पोचत नव्हता. नुसतं तोंड दिसत होतं. हे दृश्य आजही तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ती अन्सारभाईंच्या पाया पडायला गेली. ते मागं सरकले. "ताई, मला पण एका कानानं येत नाही ऐकू. तीस वर्षं झाली. ते तर पोरीचं तोंड दिसलं म्हणून, नाहीतर..."

"तुमच्या कानात वाजतं का काही?" तिनं विचारलं.

"वाजतं की. आधी लय भ्यायचो. रात न् दिवस रेडिओ चालू ठेवायचो. घरवाली कंटाळली. मग एक दिवस रेडिओ बिघडला." ते दोर गोळा करायला लागले. "बिघडला ते बरंच झालं."

तेजूनं ढोल तिथंच उतरवला. पथक अंजलीकडं सोपवलं. अंजली तिची दुसऱ्या नंबरची वादक, पेठ रोडला भाजीचा गाळा चालवणारी. बायका रडल्या. तेजू रडली नाही, कारण तिला त्या क्षणी दुसरीच धास्ती होती. आता घरी जायचं, आणि घरात आवाज नसणार.

गणपती आले. पहिल्याच दिवशी दुपारी योगेश कामावर, सायली शाळेच्या आरतीला. तेजू एकटी. तिनं टीव्हीचा रिमोट उचलला आणि मग, का कोण जाणे, बॅटऱ्या काढून ठेवल्या. पंखा बंद केला. ओट्याला पाठ लावून स्वयंपाकघरात जमिनीवर बसली.

शिट्टी आली. पूर्ण ताकदीनं आली. छाती धडधडायला लागली, तोंडाला कोरड पडली. तिला वाटलं, आता ही अशीच वाढत जाणार आणि आपल्याला वेड लागणार. ती उठून दारापर्यंत गेली, कडी काढली, आणि परत आली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. असं तीनदा झालं. मी त्या दिवशी तिची कडी वाजल्याचं ऐकलं होतं, पण गेले नाही.

चौथ्यांदा बसली तेव्हा तिनं दोन्ही हात फरशीवर टेकवले. फरशी गार होती. तिनं ठरवलं, पळायचं नाही, भांडायचंही नाही, फक्त ऐकायचं. बघू तरी ही आहे कशी. एवढे महिने ही डोक्यात राहतेय आणि आपण तिच्याकडं एकदाही नीट लक्ष दिलं नाही.

शिट्टी एक नव्हती. वर एक बारीक सूर होता, खाली एक घरघर होती, आणि दोन्हींच्या मागं काहीतरी हळू हळू ठोके देत होतं. ते काय ते समजायला तिला बराच वेळ लागला. तो तिचा स्वतःचा ठोका होता. आधी धावत होता. मग चालायला लागला. शिट्टी होती तिथंच होती, जवळ येत नव्हती, अंगावर येत नव्हती. तिच्या मांडीवर बोटं आपोआप पडायला लागली. पथकात आलेल्या मुलींना ती पहिल्या दिवशी शिकवायची तो साधा ठेका. एक ठोका, मग रिकामी जागा, मग दोन ठोके.

"काकू, त्या रिकाम्या जागेत मी पहिल्यांदा थांबले," ती मला म्हणाली. "बारा वर्षं वाजवतेय. एवढ्या मिरवणुका झाल्या, मला एकही आठवत नाही. हात ढोलावर असायचा आणि डोकं पुढच्या वर्षात. त्या दिवशी कुणी ऐकत नव्हतं, नंबर यायचा नव्हता, आवाजसुद्धा येत नव्हता नीट. आणि मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं."

हे ऐकून कुणाला वाटेल की झालं, सुटली बाई. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बसली आणि दोन मिनिटांत जिना उतरून खाली पळाली, सोसायटीच्या फाटकापर्यंत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं येऊन माझा हात धरून बसली, तिचा हात ओला होता. पण ती रोज बसत राहिली. कधी पाच मिनिटं, कधी वीस. भीती गेली नाही. तेजू तिला दारातून परत पाठवायचं सोडून आत बसवायला शिकली, एवढंच.

दिवाळीनंतर गोदाकाठच्या कार्यक्रमाचे संयोजक कुंदन आहेर घरी आले. मला तेजूनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. कुंदनराव म्हणाले, "तेजूताई, ढोल नका वाजवू. नुसता ध्वज घेऊन पुढं उभ्या राहा. बॅनरवर नाव तुमचंच राहील. पाचशे एक बायकांची प्रमुख. पेपरात येईल, टीव्हीवर येईल."

तेजूच्या डोळ्यांत क्षणभर जुनी चमक आली. मी पाहिली ती. तिनं साडीचा काठ बोटात धरला आणि सोडला.

"त्या पाचशे एक ढोलांच्या पुढं उभी राहिले तर उजवा कानही जाईल, दादा."

"कापूस घाला की. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"एका दिवसाचा नाही. मला माहितेय मी कशी आहे ते. तो दिवस झाला की मी पुढचा शोधणार."

कुंदनराव उठले. नाराज झाले होते. चपला घालताना म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण लोक दोन वर्षांत विसरतात. पुढं दिसला नाहीत तर तेजस्विनी बोराडे कोण होती, हे कुणी विचारणार नाही."

ते गेले. तेजू सोफ्यावर बसून राहिली. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिला सगळ्यात भिववणारी गोष्ट त्या माणसानं सहज बोलून दाखवली होती. तिसऱ्या दिवशी ती लॅबमधून आली आणि मला म्हणाली, "काकू, विसरतील. खरंच विसरतील. मी आज बसले होते तर तेच घेऊन बसले. खूप भीती वाटली. मग वाटलं, सायलीनं हाक मारली आणि मला ऐकू आली, एवढं पुरेल ना?"

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

आता ती लॅबमध्ये पूर्वीसारखीच कामाला जाते. सायली तिच्या उजव्या बाजूनं चालते, ही सवय पोरीनं स्वतःच लावून घेतली. अंजलीचं पथक छान चाललंय. त्या बायका येतात, तेजू त्यांना चहा करते आणि विचारते, "वाजवताना कसं वाटलं?" त्यांना आधी या प्रश्नाचं हसू यायचं.

गेल्या महिन्यात एका सकाळी ती माझ्या दारात आली. अगदी हळू बोलत होती.

"काकू, उजव्या कानात सुरू झालंय. बारीक आहे. आज पहाटेपासून."

मी तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"घाबरलीस?"

"खूप." तिनं एक खोल श्वास घेतला. "दवाखाना दहाला उघडतो. फोन करते तेव्हा. याल ना माझ्याबरोबर?"

"येते की. पण तोवर इथं बस माझ्यापाशी. टीव्ही लावू का?"

"नको," ती म्हणाली. "आधी घरी जाऊन थोडी बसते. नवीन आवाज आलाय, ओळख तरी करून घेते."

ती आपल्या घरात गेली, दार लावलं. मी बराच वेळ माझ्या उंबऱ्यात उभी राहिले. आज कडी वाजते का, ते ऐकत होते. वाजली नाही.